कोकण किनाऱ्यावरचा लांबचा दुचाकी प्रवास : टायरचे उरलेले आयुष्य कसे मोजावे आणि कसे राखावे

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी दुचाकीचे ऑइल बदलले जाते, ब्रेक पाहिले जातात, चेनला वंगण दिले जाते. टायरकडे मात्र बहुतेक जण एक नजर टाकतात, अंगठ्याने दाबून पाहतात आणि ‘अजून चालेल’ म्हणतात. निघण्याच्या दिवशी टायर चांगला असला, तरी तेवढ्याने भागत नाही. सामान आणि मागे बसणारी व्यक्ती घेऊन पंधराशे किलोमीटर झाल्यावर, शेवटच्या दिवशी पावसात भिजलेला घाट चढताना त्या टायरच्या खाचांत किती रबर शिल्लक असेल, हे घरून निघतानाच आकड्यांत सांगता आले पाहिजे. ते सांगता येते आणि त्यासाठी फार काही लागतही नाही. खाचेची खोली मोजण्याचा साधा गेज, हवा मोजण्याचा स्वतःचा गेज आणि किलोमीटरच्या नोंदी ठेवलेली वही एवढ्यावर काम होते. पुढील पायऱ्या कोकणचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण टायरची झीज रस्त्यागणिक बदलते आणि इथला रस्ता टायरची परीक्षा अनेक बाजूंनी घेतो.

रस्ता आधी ओळखावा

पनवेलहून पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, राजापूर, कणकवली, सावंतवाडी करत बांद्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ साडेचारशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि त्याचा मोठा भाग आता रुंद व काँक्रीटचा झाला आहे. अशा रस्त्यावर दुचाकी तासन्‌तास सरळ उभी चालते. त्यामुळे मागच्या टायरचा फक्त मधला पट्टा झिजतो आणि मुळात गोल असलेला टायर हळूहळू सपाट होत जातो. याउलट अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा किनारी मार्ग धरला, तर दर थोड्या अंतरावर एक खाडी आणि दोन खाड्यांमध्ये एक सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार, येतो. चढ, उतार, आखूड वळण, पुन्हा चढ असा हा क्रम दिवसभर चालतो. इथे मागचा टायर चढावरच्या जोराने झिजतो, पुढचा उतारावरच्या ब्रेकने झिजतो आणि दोघांच्याही कडा मधल्या पट्ट्याच्या बरोबरीने वापरल्या जातात. वाहनाच्या एकंदर वागणुकीच्या दृष्टीने ही झीज अधिक चांगली असते, कारण टायरचा गोलावा टिकून राहतो.

रबरावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जांभा. गावातल्या आतल्या रस्त्यांवर जांभ्याची भुकटी आणि बारीक खडे वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचतात. उन्हाळ्यात त्यांच्यावरून चाक घसरते आणि पावसाळ्यात त्याच मातीचा निसरडा थर होतो. जून ते सप्टेंबर हा वेगळाच काळ. पाणी बाजूला सारण्याचे काम टायरच्या खाचा करतात, म्हणून खाच उथळ झालेला टायर कोरड्या रस्त्यावर निर्धोक वाटत असला, तरी ओल्या रस्त्यावर त्याची पकड बरीच लवकर सुटते. वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आंबोलीसारख्या घाटात जाणार असाल, तर टायर कधी बदलायचा याची मर्यादा त्या पाण्याकडे पाहूनच ठरवावी लागते.

पायरी पहिली : टायरवरचा मजकूर वाचणे

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, आकार लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, १२०/८०-१८ ६२पी. यातला १२० म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती उंची, तो आकडा. १८ म्हणजे इंचांमधील रिमचा व्यास. ६२ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ तो टायर योग्य हवेवर २६५ किलोपर्यंत भार पेलू शकतो, आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. बदली टायर घेताना आकार जुळतो एवढ्यावर समाधान मानू नये. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, ही अट सामान घेऊन प्रवास करणाऱ्याने अजिबात सोडू नये.

त्याच बाजूला चौकटीत किंवा लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. काही टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात, त्यामुळे एका बाजूला दिसले नाहीत तर चाकाच्या दुसऱ्या बाजूलाही पाहावे. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होते आणि साइडवॉलवर व खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर तो वापरू नये, असा टायर बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. लांबच्या प्रवासासाठी, विशेषतः वर्षभर उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी, मी ही मर्यादा पुष्कळ अलीकडे, पाच-सहा वर्षांवरच आणून ठेवीन.

पायरी दुसरी : खोली मोजणे आणि हिशेब मांडणे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि बहुतेक प्रवासी नेमका हाच वगळतात.

गाडी डबल स्टँडवर घ्यावी, चाक हाताने फिरवता येईल असे ठेवावे आणि खाचांत अडकलेले खडे काढून टाकावेत. नंतर मधल्या पट्ट्यातील खाचेची खोली चाकाच्या परिघावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी आणि तिन्हींतला सर्वांत लहान आकडा वहीत लिहावा. तसेच डाव्या व उजव्या कडेजवळही मोजावे. शेजारी त्या दिवसाचे ओडोमीटरचे वाचन लिहावे. खाचेच्या तळाशी असलेल्या उंचवट्यावर, म्हणजे झीज दाखवणाऱ्या पट्टीवर, गेजचे टोक ठेवू नये, नाहीतर आकडा चुकीचा येतो. ही पट्टी कुठे आहे ते साइडवॉलवरील ‘टीडब्ल्यूआय’ या अक्षरांवरून किंवा लहान त्रिकोणावरून कळते. दुचाकींच्या अनेक टायरांत ती सुमारे ०.८ मिमी उंचीची असते. नक्षी झिजून तिच्या पातळीला आली, की टायर संपला.

दोन-अडीच हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजले, की झिजेचा दर हाती येतो. समजा, नव्या मागच्या टायरची मधली खोली ७ मिमी होती आणि सहा हजार किलोमीटरनंतर ती ५ मिमी भरली. म्हणजे दोन मिलिमीटरला सहा हजार, अर्थात एका मिलिमीटरला तीन हजार किलोमीटर. हा दर रोजच्या वापराचा झाला. प्रवासात सामान, मागची व्यक्ती, दिवसभर तापलेला टायर आणि घाटांतले चढ-उतार यांमुळे झीज वाढते, म्हणून या दरातून एक तृतीयांश वजा करून एका मिलिमीटरला दोन हजार किलोमीटर धरावेत. पंधराशे किलोमीटरच्या प्रवासाला मग पाऊण मिलिमीटर रबर खर्ची पडेल. ५ मिमी खोलीचा टायर सव्वाचारावर घरी परत येईल आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण तोच टायर निघताना २.६ मिमीवर असेल, तर परतीच्या दिवशी तो १.८५ मिमीवर असेल. झीज दाखवणारी पट्टी तेव्हाही दूर असेल, तरी पावसाळी कोकणासाठी मी मागच्या आणि पुढच्या दोन्ही टायरांना २ मिमी ही किमान मर्यादा मानतो आणि असा टायर निघण्यापूर्वीच बदलावा असे आग्रहाने सांगतो. राहिलेले रबर वाया जाते असे वाटत असेल, तर तो टायर उतरवून ठेवावा आणि परतल्यावर कोरड्या दिवसांत गावातल्या फेऱ्यांसाठी वापरून संपवावा.

ठोकळ आकडे ज्याला हवे असतील त्याच्यासाठी सांगायचे, तर लहान इंजिनाच्या रोजच्या गाडीचा मागचा टायर वीस हजार किलोमीटरच्या आसपास, साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाडीचा बारा ते पंधरा हजार आणि मोठ्या गाड्यांचा मऊ रबराचा टायर आठ-दहा हजार किलोमीटर चालतो, आणि पुढचा टायर साधारण दीडपट टिकतो. परंतु दोन चालकांच्या सवयींमुळे एकाच गाडीचे हे आकडे निम्म्यानेही वेगळे येऊ शकतात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर प्रवास आखू नये.

खोलीबरोबर आकारही पाहावा. मध्ये ३ मिमी आणि कडेला साडेपाच मिमी असा टायर चौकोनी झालेला असतो. सरळ रस्त्यावर तो काही सांगत नाही. कशेडी किंवा आंबा घाटाच्या वळणात गाडी कलवताना मात्र ती आधी अडून राहते आणि सपाट भागाची धार ओलांडताच एकदम कलते. ओल्या रस्त्यावर हा एकदम येणारा कल धोक्याचा असतो. पुढच्या टायरच्या गोट्यांची, म्हणजे नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्यांची, एक कड उंच आणि दुसरी खाली गेली असेल व हात फिरवल्यावर करवतीसारखे लागत असेल, तर हवा सतत कमी राहणे, पुढचे शॉक थकणे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडणे यांपैकी कारण शोधावे. नवा टायर टाकून हे कारण जात नाही, नव्यावरही तीच झीज उमटते.

पायरी तिसरी : हवा

टायरचे आयुष्य सर्वाधिक कशाने घटते, असे विचारले तर उत्तर कमी हवा हेच आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि तापलेले रबर लवकर झिजते. आतल्या कापडी थरांनाही त्याने इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. हवा जास्त झाली तर रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, मधला पट्टा भराभर झिजतो आणि खड्ड्यांचे धक्के अधिक जोराने बसतात.

योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेनगार्डजवळच्या स्टिकरवर असतो. तिथे एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात व सामान भरलेले असेल तेव्हा दोघांसाठीचा आकडा वापरावा. साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब हा रोजचा दाब समजू नये. हवा नेहमी थंड टायरची मोजावी, म्हणजे सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी. पंचवीस अंशांत ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला टायर चालून पंचावन्न अंशांपर्यंत तापला, तर गेज ३६-३७ दाखवतो. ही वाढ अपेक्षितच असते आणि दिलेला आकडा ती गृहीत धरूनच ठरवलेला असतो. दुपारी पेट्रोल पंपावर हा वाढीव आकडा पाहून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर चार-पाच पीएसआयने कमी भरतो आणि पुढचा सगळा प्रवास तशाच टायरवर होतो.

घाटमाथ्यावरून उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे पंधरा अंशांत भरलेली हवा गुहागरच्या तीस अंशांत दोन पीएसआयहून थोडी जास्त दिसायला हवी. पण पाच-साडेपाचशे मीटर खाली आल्याने वातावरणाचा दाबही वाढतो आणि गेजवर त्यातला जवळजवळ एक पीएसआय कमी होतो. म्हणून किनाऱ्यावरच्या पहिल्या मुक्कामात, सकाळी सावलीत उभ्या असलेल्या गाडीची हवा एकदा नीट जुळवून घ्यावी आणि त्यानंतर दोन दिवसांआड पाहिली तरी चालेल. पंपांवरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे स्वतःचा एकच गेज सर्वत्र वापरणे हे नायट्रोजन भरण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

पायरी चौथी : भार, चेन आणि चाकाची रेघ

जड वस्तू आसनाजवळ आणि खाली बांधाव्यात. मागच्या कॅरियरच्या टोकाला ठेवलेले दहा किलोदेखील मागच्या चाकावर वजनापेक्षा जास्त भार टाकतात आणि पुढचे चाक हलके करतात. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, भारानुसार वाढवावा. चेन ताणताना स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या भुजेच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे पाहावे, कारण चाक तिरके बसले तर टायर सरळ रस्त्यावरही किंचित घासत चालतो. चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बेअरिंगचा खुळखुळाट तपासावा. स्पोकच्या चाकात ढिले स्पोक आधी कसून घ्यावेत.

पायरी पाचवी : नवा टायर टाकायचा असेल तर

निघण्याच्या आदल्या दिवशी टायर बदलू नये. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो आणि पहिले दीड-दोनशे किलोमीटर त्याची पूर्ण पकड मिळत नाही, म्हणून हे अंतर घराजवळ, कोरड्या रस्त्यावर, हळूहळू कल वाढवत पार करावे. बसवताना साइडवॉलवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे, व्हॉल्व्ह नवा टाकला आहे आणि बॅलन्सिंग झाले आहे, एवढे समोर उभे राहून पाहून घ्यावे. एका चाकावर रेडियल आणि दुसऱ्यावर साधा बायस टायर (आतल्या धाग्यांच्या मांडणीचे हे दोन प्रकार) असे मिश्रण गाडी बनवणाऱ्याने सांगितले नसेल तर करू नये. सतराशे साठ प्रकारांत निवड अवघड वाटत असेल, तर किनारी प्रवासासाठी खोल आणि रुंद खाचांचा, रस्त्याकरताच बनवलेला टायर घ्यावा. मोठ्या गोट्यांचा ऑफ-रोड टायर महामार्गाच्या काँक्रीटवर झपाट्याने झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याचा रस्त्याशी स्पर्शही कमी असतो. मोठ्या गाड्यांचे आकार लहान गावांत मिळत नाहीत, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळातही दुकानदार ते मागवून देईपर्यंत थांबावे लागू शकते. हिशेब घरीच पूर्ण करायचा, तो यासाठी.

पायरी सहावी : प्रवासात

दररोज सकाळी दोन मिनिटे चाकांना द्यावीत. चाक फिरवून खिळा, तार, काच अडकली आहे का ते पाहावे, कारण महामार्गाच्या कामाच्या टप्प्यांत खिळे आणि सळ्यांचे तुकडे रस्त्यावर येतात आणि आतल्या रस्त्यांवर बांबूचे व करवंदीचे काटे असतात. एखाद्या बाजूला फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटले आहेत असे समजावे. त्या टायरवर पुढे जाऊ नये, त्याची दुरुस्ती होत नाही.

वेग आणि ब्रेक यांचा झिजेशी सरळ संबंध आहे. घाट उतरताना मागचा ब्रेक सतत दाबून न ठेवता खालच्या गिअरवर इंजिनाला गाडी धरू द्यावी. मासळीच्या गाड्यांतून सांडलेले पाणी, चढाच्या वळणावर सांडलेले डिझेल आणि पावसाळ्यात सावलीतल्या रस्त्यावर चढलेले शेवाळ यांच्यावर उत्तम टायरचीही पकड टिकत नाही, तिथे वेगच कमी करावा लागतो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या फेरीबोटींवर चढताना लोखंडी रॅम्प आणि ओहोटीत उघडा पडणारा धक्क्याचा भाग निसरडा असतो. गाडी सरळ ठेवून, पहिल्या गिअरवर, ब्रेक न मारता तो पार करावा आणि बोटीवर चाकाखालचे तेलकट पाणी टाळून उभे राहावे.

वाळूवर गाडी घालू नये. मागचे चाक रुतून जागेवर फिरले, तर तापते आणि खारट वाळू व्हॉल्व्हमध्ये, चेनमध्ये व बेअरिंगमध्ये जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकांनी घरटी दबतात आणि चाकोऱ्यांत अडकलेली पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या छायाचित्रापेक्षा त्या पिल्लांचा हक्क मोठा आहे.

पायरी सातवी : पंक्चर

ट्यूबलेस टायरला दुरुस्ती फक्त मधल्या नक्षीच्या भागात आणि सुमारे सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच करावी. साइडवॉलवरचे भोक बुजवलेले असले तरी त्यावर प्रवास करू नये. रस्त्याकडेला बाहेरून घातलेली चिकट स्ट्रिप पुढच्या गावापर्यंत नेण्यासाठी आहे, तिच्यावर भरधाव जाऊ नये आणि संध्याकाळी हवा पुन्हा मोजावी. मुक्कामी पोहोचल्यावर टायर उतरवून आतून पॅच लावून घेतला, तर ती दुरुस्ती टिकाऊ होते आणि आतल्या थराला इजा झाली आहे का हेही दिसते. ट्यूबच्या चाकात एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पायपंप बरोबर ठेवावा. किनारी रस्त्यावर दोन गावांमधला पंक्चरवाला दुपारी बंद असणे अगदी शक्य आहे. पंक्चर झाल्यावर कमी हवेवर काही किलोमीटर चाललेल्या टायरची आतली बाजू अवश्य पाहावी. तिथे रबराचा काळा भुगा दिसला तर साइडवॉल खचली आहे.

परत आल्यावर

गोड्या पाण्याने चाके धुवावीत, विशेषतः रिमची कड आणि स्पोकची टोके. खाऱ्या हवेने रबरापेक्षा रिमच गंजते आणि टायर जिथे रिमला टेकतो तिथे गंज चढला की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते. व्हॉल्व्हवर टोपण हवेच. चकाकी देणारे पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नये. टायर थंड झाल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी खोली मोजावी, किलोमीटर आणि भार यांसह लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी एक तृतीयांशाचा अंदाज वापरावा लागणार नाही, स्वतःचा प्रवासातला दर हाती असेल. पावसाळ्यात गाडी काही महिने पडवीत उभी राहणार असेल, तर ती डबल स्टँडवर ठेवावी, हवा पूर्ण भरावी, चाकांखाली फळी सरकवावी आणि जनरेटर किंवा वेल्डिंगच्या जागेपासून दूर ठेवावी, कारण तिथे तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.